समुद्रावरचा कंपाउंडर

शस्त्रक्रियेचं बरंचसं सामान स्वयंपाकघरातून आलं. जेवणाचे चमचे वाकवून जखमेच्या कडा मागे ओढून धरायची हत्यारं केली. चहाच्या गाळणीवर गॉज ताणून इथर हुंगवायचा मुखवटा झाला. स्काल्पेलचं पातं होतं पण त्याला मूठ नव्हती, म्हणून ते चिमट्यात पकडलं. हत्यारं निर्जंतुक करायला टॉर्पेडोमधलं अल्कोहोल काढलं. सल्फाच्या गोळ्या कुटून भुकटी केली. अंगात घालायला झगे नव्हते, तर पायजम्याचे सदरे उलटे चढवले.

तारीख ११ सप्टेंबर १९४२. अमेरिकन पाणबुडी 'सीड्रॅगन' जपान्यांच्या टापूत, दक्षिण चीन समुद्रात होती. १९ वर्षांचा खलाशी डॅरेल डीन रेक्टर पोट धरून कळवळत होता. दुखणं अपेंडिक्सचं होतं आणि बोटीवर डॉक्टर नव्हता. होता तो व्हीलर लाइप्स, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, हुद्दा 'फार्मसिस्ट्स मेट'. मराठीत याला एकच शब्द आहे, कंपाउंडर. युद्धाआधी तो फिलाडेल्फियाच्या नौदल रुग्णालयात ईसीजी काढायचा आणि तिथे त्याने अपेंडिक्सच्या शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या, स्वतः एकही केली नव्हती.

रेक्टरने होकार दिला. बोट हलू नये म्हणून कप्तानाने ती १२० फूट खोल नेऊन स्थिर केली. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर रेक्टरला आडवं केलं; ते टेबल जेमतेम त्याच्या उंचीएवढं होतं. एका अधिकाऱ्याने इथर द्यायचं काम घेतलं, दुसऱ्याने चमचे धरले. अपेंडिक्स लगेच सापडेना, आतड्यामागे दडून बसलं होतं. सगळं उरकायला अडीचेक तास लागले. तेरा दिवसांनी रेक्टर पुन्हा कामावर उभा राहिला आणि ते अपेंडिक्स बरणीत बसून किनाऱ्यावर आलं.

'शिकागो डेली न्यूज'च्या जॉर्ज वेलर यांनी ही हकिकत लिहिली, तिला १९४३चं पुलित्झर मिळालं. हॉलिवूडने 'डेस्टिनेशन टोकियो'मध्ये हा प्रसंग उचलला. देशभर टाळ्या पडल्या. नौदलातले मोठे डॉक्टर मात्र वैतागले, आणि त्यांचं अगदीच चुकलं होतं असं मला वाटत नाही. एकाचं निभावलं म्हणून उद्या प्रत्येक पाणबुडीवरचा कंपाउंडर चमचे वाकवायला बसला तर? पुढच्या काही महिन्यांत आणखी दोन पाणबुड्यांवर असंच पोट उघडलं गेलंही. मग वरून तंबी आली: सुरी नको, औषध आणि विश्रांतीवर निभवा. आजही समुद्रात अपेंडिक्स उठलं तर शक्यतो अँटिबायोटिक्सवरच ते थोपवून धरतात.

या नोकरीतला पेच तेव्हापासून तोच आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाला डॉक्टरच्या जागी उभं करायचं, आणि तो खरोखरच उभा राहिला की दचकायचं.

या माणसाचं आजचं नाव हॉस्पिटल कोअरमन. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'प' आणि 'स' आहेत, पण उच्चारायचे नाहीत. उच्चारले तर अर्थ 'प्रेत' या शब्दाकडे जातो. २०१०मध्ये एका भाषणात राष्ट्राध्यक्ष ओबामा नेमके तिथेच घसरले आणि त्यांची बरीच टर उडवली गेली. बोटीवर मात्र हा प्रश्न येत नाही. तिथे त्याला सगळे 'डॉक' म्हणतात.

डॉकचा पूर्वज शिडाच्या जहाजांवरचा 'लॉबलॉली बॉय'. लॉबलॉली म्हणजे घट्ट पेज, आजाऱ्यांना वाढायची. पेज वाढणारा हा पोरगा लढाईच्या वेळी डेकवर वाळू पसरायचा, सर्जनचा पाय रक्तावरून घसरू नये म्हणून. जखमा डागायच्या सळया तापवत ठेवणं हेही त्याच्याकडेच. १७ जून १८९८ रोजी, स्पेनशी युद्ध चालू असताना, अमेरिकेने कायदा करून या कामाला स्वतंत्र दल दिलं, हॉस्पिटल कोअर.

शिक्षणाची वाट अशी. आधी लेक मिशिगनच्या काठी ग्रेट लेक्सला खलाशाचं मूलभूत प्रशिक्षण: कवायत, आग विझवणं, दोरखंड. मग टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ, जिथे तिन्ही दलांचं वैद्यकीय शिक्षण एका आवारात चालतं. समुद्र तिथून काही तासांवर, हे मला नेहमीच गमतीचं वाटतं. काही महिन्यांत शाळेतून नुकताच सुटलेला मुलगा किंवा मुलगी नाडी, रक्तदाब, इंजेक्शन, सलाईन, टाके, बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग मोकळा करणं, इतकं शिकते. शीर शोधायला शेजारच्या बाकावरच्याचाच हात मिळतो. समोरचा तुमच्या हातात सुई खुपसणार आणि नंतर तुम्ही त्याच्या, त्यामुळे दोघंही जपून वागतात.

पुढे वाटा फुटतात. कुणी रुग्णालयात वॉर्डवर, कुणी एक्स-रेला, कुणी दातांच्या खुर्चीशी. आणि कुणी मरीन्सकडे. अमेरिकेच्या मरीन कोअरला स्वतःचं वैद्यकीय दलच नाही. त्यांच्या प्लॅटूनसोबत चिखलात चालतो तो नौदलाचा कोअरमन. म्हणून नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लजून आणि कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन या तळांवर त्याला पुन्हा शाळेत बसवतात.

इथे तो जे शिकतो ते रुग्णालयाची शिकवण उलटी करणारं आहे. रुग्णालयात पहिला प्रश्न श्वासाचा. रणात पहिला प्रश्न गोळीबाराचा, कारण मदतीला धावलेला डॉक पडला तर जखमी दोन होतात. त्यानंतर रक्त, आणि श्वास त्याच्याही नंतर. फ्रँक बटलर या नौदलाच्याच डॉक्टरने १९९६मध्ये सहकाऱ्यांसह हा क्रम लिहून मांडला. त्याआधी टूर्निके, म्हणजे हातापायाला आवळायचा पट्टा, हा शेवटचा उपाय मानत. पट्टा बांधला की अवयव गेलाच, अशी समजूत होती. इराक-अफगाणिस्तानात ती मोडली. आजचा पट्टा बघण्यासारखा आहे. त्याला बोटाएवढी प्लास्टिकची दांडी असते. पट्टा ओढून घट्ट करायचा, दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत पिळतच राहायची, मग ती खोबणीत अडकवायची. वर पांढरी चिठ्ठीसारखी पट्टी असते, तिच्यावर बांधल्याची वेळ लिहायची. जखमी ओरडतो, पट्ट्याने फार दुखतं. तरी सैल करायचा नाही. एकविशीच्या पोराने स्वतःच्या मित्राचं ओरडणं ऐकत ही दांडी पिळायची, यासाठी शाळा लागतेच.

या दलाच्या २२ जणांना मेडल ऑफ ऑनर हे शौर्यपदक मिळालं आहे. त्यातला एक रॉबर्ट बुश. २ मे १९४५, ओकिनावा. वय १८. जखमी अधिकाऱ्याला प्लाझ्मा देत होता, बाटली एका हाताने उंच धरलेली. जपानी चालून आले तेव्हा बाटली खाली न ठेवता दुसऱ्या हाताने त्याने पिस्तूल चालवलं. त्यात त्याचा एक डोळा गेला.

जॉन ब्रॅडली या कोअरमनची गोष्ट वेगळी. इवो जिमावर झेंडा उभारणाऱ्या सहा जणांच्या जगप्रसिद्ध फोटोत तो आहे, असं सत्तर वर्षं सगळे धरून चालले. २०१६मध्ये मरीन कोअरने तपासणी करून सांगितलं की त्या फोटोत तो नाही, त्याच दिवशी आधी उभारलेल्या पहिल्या झेंड्याजवळ होता. ब्रॅडली तोवर हयात नव्हता. त्याचं नेव्ही क्रॉस हे पदक मात्र झेंड्यासाठी नव्हतंच. ते झेंड्याच्या दोन दिवस आधीचं, गोळीबारात एका जखमी मरीनकडे धावत गेल्याबद्दलचं. त्या धावण्याचा फोटो कुणी काढला नाही.

लाइप्सचा खरा वारस मात्र पाणबुडीवर आहे, 'इंडिपेंडंट ड्यूटी कोअरमन'. साधारण वर्षभराचं जादा शिक्षण घेतलेला, अनुभवी. सव्वाशे-दीडशे माणसं, कित्येक आठवडे पाण्याखाली, आणि वैद्यकीय निर्णय याचा एकट्याचा. नाट्यमय प्रसंग क्वचित. रोजचं काम म्हणजे दुखरी दाढ, फुटलेली नखं, झोप न लागणारा खलाशी. शिवाय हवेतले वायू, पिण्याचं पाणी, अणुभट्टीशेजारी काम करणाऱ्यांच्या किरणोत्साराच्या नोंदी आणि स्वयंपाकघराची स्वच्छता हेही त्याच्याकडे. रात्री कुणाच्या छातीत कळ आली तर मोठा प्रश्न असा: कप्तानाला सांगून बोट वर आणायला लावायची का? वर आलं की पाणबुडी दिसते, मोहीम फसू शकते. छातीतली कळ गॅसची निघाली तर सगळ्यांसमोर तोंडघशी पडायचं. नाही सांगितलं आणि ती गॅसची नसली तर?

हे फक्त अमेरिकेतलं नाही. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला नौदलाचं 'अश्विनी' रुग्णालय आहे, नाव अश्विनीकुमारांवरून. आपल्या नौदलाचे मेडिकल असिस्टंट तिथे तयार होतात. बारावीला बायोलॉजी घेतलेली मुलं आधी ओडिशात चिल्काच्या तळावर खलाशी होतात, मग या कामाला लागतात. आपल्याही छोट्या युद्धनौकांवर डॉक्टर नसतो. सिक-बेची, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्याची, किल्ली मेडिकल असिस्टंटच्या खिशात असते. २६ फेब्रुवारी २०१४ला मुंबईपासून दूर समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीत धूर भरला, तेव्हा सात जणांना हेलिकॉप्टरने 'अश्विनी'त आणलं. हेलिकॉप्टर येईपर्यंतचा वेळ निभावणं, हेच या नोकरीचं मुख्य काम.

नोकरी संपली की आणखी एक खोच. रणात छातीत नळी घातलेला माणूस गावी परततो आणि त्याला कळतं की नागरी कायद्याने त्याला फारसं काही करता येत नाही, परवाने पहिल्यापासून मिळवायचे. यातून एक चांगली गोष्ट निघाली. १९६५मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 'फिजिशियन असिस्टंट' हा नवा अभ्यासक्रम सुरू केला आणि पहिल्या वर्गात चौघे घेतले, चौघेही नौदलातले माजी कोअरमन. ६ ऑक्टोबर १९६७ला त्यांतले तिघे उत्तीर्ण झाले. आज अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टरऐवजी फिजिशियन असिस्टंट तपासतो, याचं आपल्या तिथल्या नातेवाइकांना काही वाटत नाही.

रेक्टर युद्धातून परतला नाही. तो 'टँग' पाणबुडीवर बदलून गेला होता. ऑक्टोबर १९४४मध्ये तिनेच सोडलेला टॉर्पेडो वळून तिच्यावर आदळला, आणि मेलेल्यांत तो होता. लाइप्स जगला, म्हातारा झाला. त्या दिवशीच्या कामाचं पदक नौदलाने त्याला दिलं ते फेब्रुवारी २००५मध्ये, कॅम्प लजूनला, जिथे आजचे कोअरमन पट्ट्याची दांडी पिळायला शिकतात. दोन महिन्यांनी तो गेला.