घरच्या मोटारीतले बदल : यंत्र, रस्ता आणि नियम

व्याप्ती

घरच्या मोटारीवर होणारी कामे तीन प्रकारची असतात. झिजलेला भाग काढून तसाच दुसरा बसवणे ही दुरुस्ती. मूळ रचनेला हात न लावता सीट कव्हर, फुटमॅट किंवा रिव्हर्स कॅमेरा जोडणे ही ॲक्सेसरीजची भर. टायरचे माप, दिव्यांची क्षमता, गाडीची उंची, इंधन यांपैकी कारखान्याने ठरवलेले काही बदलणे हा तिसरा प्रकार, आणि हौशी माणसाचे मन बहुधा त्यातच रमते. यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या एका तरुणाने बांधलेली हायड्रोजनवर चालणारी कार 2023 मध्ये राज्यभर बातम्यांत झळकली होती. पण ती नवी गाडी घडवण्याची गोष्ट. प्रस्तुत विषय आहे तो एमएच-29 क्रमांकाच्या, लग्नकार्याला आणि दवाखान्याला सारखीच उपयोगी पडणाऱ्या, घरातल्या एकुलत्या एका गाडीचा. तिच्यावरचा प्रयोग फसला तर घराचे येणे-जाणे अडते, म्हणून इथे कोणत्या बदलाचा ताण पुढे कोणत्या भागावर जातो हे आधी पाहावे लागते.

जिल्हा काय मागतो

यवतमाळच्या गाडीला चार गोष्टींशी सामना करावा लागतो. पहिली गोष्ट मे महिन्यातला 45 अंशांच्या आसपासचा पारा. दुसरी काळी माती : ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता डांबर शाबूत असतानाही लाटांसारखा वरखाली होतो. तिसरी वणी परिसरातल्या कोळशाच्या वाहतुकीची धूळ. चौथी रात्रीचा प्रवास. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो; वर्धा, यवतमाळ, नांदेडवरून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग कळंब, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्हा ओलांडतो. या मोठ्या रस्त्यांवरून तालुक्याच्या आतल्या रस्त्याला वळले की अंधारातून रोही किंवा रानडुक्कर अचानक पुढ्यात येते. मुंबई-पुण्याकडे जे बदल शोभून दिसतात त्यांतले बरेच इथे याच चार कारणांनी निरुपयोगी ठरतात, काही तर अपायकारक.

चाके आणि टायर

हौसेची सुरुवात बहुधा अलॉय चाकांपासून होते. टायरच्या कडेवर लिहिलेल्या 165/80 आर14 या मापात 165 ही मिलिमीटरमधली रुंदी, 80 म्हणजे त्या रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीची टक्केवारी आणि 14 हा रिमचा इंचातला व्यास. भिंत 165 च्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. वरची व खालची भिंत आणि 355.6 मिलिमीटरची रिम मिळून चाकाचा एकूण व्यास सुमारे 620 मिलिमीटर भरतो. 185/65 आर15 चा व्यास 621.5 येतो. मारुती स्विफ्टच्या साध्या आणि महागड्या आवृत्त्यांत ही दोन्ही मापे दिसतात ती याच जुळणीमुळे. स्पीडोमीटर आणि ओडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतात. व्यास वाढला की दर फेरीला गाडी जास्त अंतर कापते. 195/65 आर15 बसवल्यास व्यास 634.5 होतो, सुमारे 2.4 टक्क्यांनी जास्त, आणि गाडी खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागते.

व्यास जुळला म्हणजे सगळे जुळले असे मात्र नाही. 195/55 आर16 चा व्यासही जवळजवळ 621 च आहे; भिंत मात्र 107 मिलिमीटर उरते. म्हणजे मूळ टायरपेक्षा दर बाजूला 25 मिलिमीटर रबर आणि हवा कमी, तेवढीच धातूची रिम जास्त. गुळगुळीत रस्त्यावर अशी गाडी वळणात अधिक नेमकी चालते. जड ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यावर खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत पोचतो, रिम वाकते नाहीतर टायरला बाजूने फुगा येतो. स्टेपनी मूळ मापाचीच राहिली असेल तर पंक्चरच्या वेळी एकाच आसावर दोन प्रकारची चाके येतात, हा आणखी एक व्याप. मापाइतकाच भारांकही महत्त्वाचा : 85 या अंकाचा टायर 515 किलो पेलतो, 88 चा 560 किलो. नवा टायर मूळ भारांकाच्या खाली घेऊ नये. भरल्या गाडीने माहूरगड चढणाऱ्या कुटुंबाला तर हा अंक चाकाच्या नक्षीपेक्षा जास्त कामाचा.

दिवे आणि रिले

रात्रीच्या प्रवासासाठी दिवे सुधारावेत ही इच्छा रास्त आहे. पद्धत बहुतेक वेळा चुकते. बऱ्याच साध्या मोटारींत एच4 प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो : अप्परला 60 वॉट, डिपरला 55 वॉट. बारा व्होल्टवर 60 वॉटचे दोन बल्ब मिळून 10 अँपियर प्रवाह ओढतात. त्यांच्या जागी बाजारात मिळणारे 100 वॉटचे बल्ब लावले की प्रवाह 16 अँपियरच्या पुढे जातो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे जवळपास पावणेतीन पट. स्विच, कपलर आणि प्लास्टिकचा होल्डर या उष्णतेसाठी बनलेले नसतात. दिव्यामागचा होल्डर काढून पाहिला तर तपकिरी पडलेले प्लास्टिक आणि चिकटलेली पिन दिसते. 'वायरिंग शॉर्ट झाली' या तक्रारीचा उगम अनेकदा तिथे असतो.

यावरचा उपाय म्हणजे रिले. चौकोनी काळ्या डबीसारख्या या भागाला सामान्यतः चार पिना असतात. 85 आणि 86 यांच्यामध्ये लहान गुंडाळी असते. दिव्याच्या स्विचमधून तिला अगदी थोडा प्रवाह मिळतो आणि ती आतला संपर्क जोडते. 30 क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीतून फ्यूजमार्गे जाड तार येते, 87 वरून ती दिव्याकडे जाते. मोठा प्रवाह स्विचमधून न जाता सरळ बॅटरीतून दिव्याला पोचतो. याचा लाभ मूळ 60/55 वॉटच्या बल्बलाही होतो, कारण जुन्या गाडीत बारीक तारांमुळे दिव्यापर्यंत पोचणारे व्होल्टेज घटलेले असते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या बऱ्याच वरच्या घातात बदलतो. व्होल्टेज 10 टक्के उतरले तर प्रकाश सुमारे 30 टक्के उतरतो. म्हणून चांगली तार, रिले आणि स्वच्छ अर्थिंग एवढ्यानेच बल्ब न बदलता उजेड परत येतो. फ्यूज मात्र बॅटरीलगत असावा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करीत नाही.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालणे हा सध्याचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत त्रासदायक बदल म्हणावा लागेल. रिफ्लेक्टरचा आकार बारीक तंतूच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाशाचा उगम किंचित हलला तरी झोत विस्कटतो. चालकाला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, लांबचा दिसत नाही, आणि समोरचा आंधळा होतो.

सस्पेन्शन आणि उंची

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, शॉकॲब्सॉर्बर तिची उसळी शमवतो. लाटांच्या रस्त्यावर गाडी डुलत असेल तर दोष बहुधा थकलेल्या शॉकॲब्सॉर्बरचा असतो, पैसे मात्र उंची वाढवण्यावर खर्च होतात. स्प्रिंगखाली स्पेसर घालून गाडी एखादा इंच उचलता येते, पण गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो. शिवाय ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो, चाकांचे अलाइनमेंट बिघडते आणि टायर एका कडेने झिजतात. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवणे हा स्वस्त मार्ग. त्याने अडकलेले वेढे काम करीनासे होतात आणि उरलेल्यांवर ताण येतो. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान असताना गाडी सतत घासत असेल, तर मूळ मापाचे नवे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर ही पहिली पायरी. बऱ्याचदा दुसरीची गरज उरत नाही.

हवा, फिल्टर आणि रीमॅप

इंजिनाची शक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकला जाणारा तेल लावलेला कापडी एअर फिल्टर बहुधा कापसाच्या जाळीचा असतो. कापसाच्या जिल्ह्यात त्याला मागणी असावी यात नवल नाही. तो हवेला कमी अडवतो, पण कागदी फिल्टर जी बारीक धूळ थोपवतो त्यातली काही तो आत जाऊ देतो. पुण्याच्या रस्त्यावर हा फरक जाणवायला वर्षे लागतील. कोळशाची धूळ उडत असलेल्या वणी-घुग्घूस पट्ट्यात मात्र इंजिनाचे सिलिंडर खरवडले जाण्याची भीती खरी आहे. तिथे कागदी फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधी बदलणे हीच खरी सुधारणा.

रीमॅप म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील इंधन, प्रज्वलन आणि टर्बोच्या दाबाची कोष्टके बदलणे. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात त्याने शक्ती ठळकपणे वाढते, साध्या पेट्रोल इंजिनात फारच थोडी. वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सलाही पेलावा लागतो, आणि जास्त जळलेल्या इंधनाची उष्णता रेडिएटरने बाहेर टाकावी लागते. मेच्या दुपारी रेडिएटरकडे फारशी शिल्लक क्षमता नसते. त्यातच समोर भरगच्च ग्रिल, जादा फॉग लॅम्प आणि जाड लोखंडी बार असेल तर हवेची वाटही अडते. कूलंटच्या जागी साधे पाणी घालण्याची सवय अशा गाडीला लवकर गॅरेजमध्ये पोचवते.

काचा

विदर्भाच्या उन्हात काचेवर फिल्म लावावीशी वाटणे स्वाभाविक आहे. नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोएंका खटल्यात काचांवर वरून फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. पुढे नियमात 'सेफ्टी ग्लेझिंग'ची तरतूद आली आणि प्रमाणात बसणारी फिल्म त्यात मोडते असे केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले. प्रकाशाची टक्केवारी मात्र सैल झालेली नाही. उष्णता दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त किरणांतूनही येते, त्यामुळे काळी फिल्म म्हणजे जास्त गारवा हे समीकरण चूक आहे.

आतली सजावट

इथे धोका कमी आणि समाधान जास्त. टचस्क्रीन, कॅमेरा, दारांच्या पत्र्याला आतून लावायची ध्वनिरोधक शीट हे बदल कुटुंबातल्या सगळ्यांना उपयोगी पडतात. मूळ तार न कापता कपलरने जोडणी करणे एवढे पथ्य पुरे. अपवाद सीट कव्हरचा : सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर साधे घट्ट कव्हर ती उघडू देत नाही.

सीएनजी

इंधनाच्या खर्चासाठी होणारा हा बदल खरे तर हौसेपेक्षा हिशेबाचा. वायू सुमारे 200 बार दाबाखाली सिलिंडरमध्ये भरतात, रेग्युलेटर तो दाब उतरवतो आणि इंजेक्टर तो वायू इंजिनात सोडतात. वायू हवेची काही जागा व्यापतो, त्यामुळे शक्ती थोडी घटते. लोखंडी सिलिंडरचे पन्नासेक किलो वजन कायमचे मागच्या स्प्रिंगवर बसते आणि डिकी जाते. किट मंजूर नमुन्याचे हवे. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय प्रमुख आहे. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. त्या सुरक्षेचे नियमन करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. रोजच्या वाटेवर पंप नसेल तर मात्र हा हिशेब जुळत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हेच स्पष्ट केले. मंजूर किट बसवून इंधन बदलणे हा प्रमुख अपवाद. परवानगी असलेला बदल 14 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे इथे यवतमाळच्या परिवहन कार्यालयाला, कळवावा लागतो. 2019 मध्ये आलेल्या कलम 182-अ मुळे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी बारविरुद्ध कारवाई करावी असे केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले होते. तो बार पादचाऱ्याला घातक ठरतो आणि धडकेचा भार वेगळ्या वाटेने नेऊन एअरबॅगच्या वेळेतही गोंधळ करू शकतो. रंग बदलला तर नोंदणीतही बदलावा लागतो, आणि ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. नंबरप्लेटवरच्या आकड्यांतून 'दादा' वाचायला लावण्याची कला तर आता उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीने जवळपास संपवलीच आहे.

विमा आणि मूळ भाग

न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो. कळवलेला बदल फार महाग पडत नाही : रूढ दरपत्रकाप्रमाणे सीएनजी किट किंवा जादा विद्युत उपकरणे यांच्या किमतीच्या 4 टक्के इतका वाढीव हप्ता भरून त्यांना संरक्षण मिळते. काढलेली मूळ चाके, हॉर्न, होल्डर, स्प्रिंग जपून ठेवली तर गाडी विकताना उपयोगी पडतात, कारण जुन्या बाजारात घेणारा बदलासाठी झालेला खर्च सहसा भरून देत नाही, पण मूळ स्थितीतल्या गाडीला चांगली किंमत देतो.