काळ्या पाषाणाची कुळकथा

अजिंक्यताऱ्याची वाट चढताना आपण ज्या कातळावर पाय ठेवतो, तो एके काळी पाण्यासारखा वाहत होता, हे आपणांस सहसा स्मरत नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस वर आला, पसरला, निवाला; असे थरांवर थर चढले.

अशा अग्निजन्य खडकाला आपण दोन प्रश्न विचारावेत. तू निवालास कोठे? उघड्यावर लवकर निवाला, तर कण बारीक. तो बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. तोच रस भूगर्भात सावकाश निवाला, तर कण भरड, तो गॅब्रो. दुसरा प्रश्न, तुझ्यात सिलिका किती? बेसाल्टमध्ये सुमारे 50 टक्के, फिकट ग्रॅनाइटमध्ये सुमारे 70.

ही वर्गवारी पुस्तकी नव्हे. माण-खटाव, जत-आटपाडीकडे विहिरीचे दैव याच थरांत असते. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र होतो. तो झिजला, भेगाळला की पाणी धरतो. पोटातला अभंग पाषाण मात्र कोरडाच. म्हणून विहिरीत पैसा घालण्यापूर्वी ओढ्याकाठी उघडे पडलेले थर आपण एकदा नीट पाहावेत.