झोप पहाटे तीनलाच येते? उजेडाने वेळ अलीकडे येऊ शकते, पण तो कधी घ्यायचा?

दहाला अंथरुणावर पडलं तरी डोळा लागायला पहाटेचे तीन वाजतात. सातचा गजर होतो तेव्हा अंग उठत नाही. घरचे म्हणतात, "आळस आहे, दुसरं काही नाही!" पण सुट्टीच्या दिवशी हीच माणसं तीन ते अकरा अगदी गाढ झोपतात. म्हणजे झोप बिघडलेली नसते, तिची वेळ पुढे सरकलेली असते.

हे कायमचंच झालं आणि कॉलेज-नोकरी अडू लागली, तर त्याला 'डिलेड स्लीप-वेक फेज डिसऑर्डर' म्हणतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये या त्रासाचं वर्णन केलं. किशोरवयात आणि तरुणपणी तो जास्त दिसतो.

उजेडाचा काय संबंध?

आपल्या मेंदूत शरीराचं मुख्य घड्याळ असतं. बहुतेकांमध्ये ते २४ तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं, म्हणून ते रोज जुळवावं लागतं. हे काम मुख्यतः उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी बाहेर किती उजेड आहे, याची खबर या घड्याळाला देतात.

घरातल्या दिव्याखाली साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. उपचाराचा लाइट बॉक्स १०,००० लक्स देतो. बाहेर मात्र ढगाळ दिवशीही काही हजार लक्स उजेड सहज मिळतो.

खरी मेख वेळेत आहे

झोपेत शरीराचं तापमान हळूहळू उतरतं. नेहमीच्या जागं होण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी ते सर्वांत कमी असतं. त्यानंतर मिळालेला उजेड झोपेची वेळ अलीकडे आणतो. त्याआधी मिळालेला उजेड ती आणखी पुढे ढकलतो!

म्हणूनच अकराला आपोआप जाग येणाऱ्याने पहिल्याच दिवशी सहाला उठून उन्हात बसणं उलटं पडू शकतं. त्याच्या शरीरासाठी ती अजून मध्यरात्रच असते.

मग करायचं काय?

- आधी आपोआप जाग येते त्या वेळी उजेड घ्या, म्हणजे इथे अकराला.
- दर दोन-तीन दिवसांनी उठणं आणि उजेड दोन्ही अर्धा तास अलीकडे आणा. अकराचे सात व्हायला साधारण तीन आठवडे लागतील.
- १०,००० लक्सचा दिवा असेल तर साधारण अर्धा तास पुरतो. किती अंतरावर बसायचं ते दिव्याच्या माहितीपत्रकात असतं. दिव्याकडे टक लावायची नाही. चहा-नाश्ता, वाचन चालू ठेवायचं.
- दिवा नसेल तर गच्ची, गॅलरी किंवा फेरफटका. सूर्याकडे थेट पाहू नका.
- झोपण्याआधीचे दोन-तीन तास दिवे मंद ठेवा, मोबाइल दूर.
- रविवारीही उठण्याची वेळ तीच. दोन दिवस उशिरा उठलात, तर घड्याळ पुन्हा सरकू लागतं.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

बायपोलर आजार असेल तर तीव्र उजेडाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाचा त्रास वाढवणारी औषधं चालू असतील, तरीही आधी सल्ला घ्या. काहींना सुरुवातीला डोकेदुखी होते किंवा डोळ्यांवर ताण येतो.

प्रत्येकाला सारखाच गुण येत नाही. प्रौढांमध्ये या उपायाचा पुरावा अजून मर्यादित आहे. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर झोपेच्या तज्ज्ञांना भेटा. जाताना दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून न्या. झोपेची वेळ किती सरकली आहे, हे त्यावरून त्यांना लगेच कळेल.