पोट पुन्हा तपासायचं

कशेडी आणि आंबेनळी या दोन्ही घाटांच्या वाटा पोलादपूरला येऊन मिळतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस आंबेनळीत कोसळली, ३१ पैकी ३० जण गेले. एवढ्या भीषण अपघातात स्वादुपिंडाचा विचार करायला कुणाला सवडच मिळत नाही. तो प्रश्न येतो वाचलेल्यांच्या बाबतीत: स्टिअरिंग पोटात बसलेला टेम्पोचालक, सायकलचं हँडल लागून पडलेलं पोर.

असा माणूस महाडच्या कॅज्युअल्टीत पुष्कळदा चालत येतो. बेंबीच्या वर रुपयाएवढा गोल वळ, बाकी काही नाही. सिस्टर नाडी आणि बीपी लिहून घेते, डॉक्टर बोटांनी हलकेच पोट दाबतात. जठरामागे, कण्यावर आडवं पसरलेलं स्वादुपिंड समोरच्या दणक्याने त्याच कण्यावर चिरडतं. पोटाला मार लागलेल्या शंभरांत अशी इजा जेमतेम चार-पाच जणांना होते, म्हणून ती चटकन आठवतही नाही.

तपासण्याही फसवतात. सोनोग्राफीत पोटातलं रक्त दिसतं, पण स्वादुपिंड आतड्यातल्या वायूआड दडतं. पहिल्या तीन तासांत रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम, नॉर्मल येऊ शकतं, सुरुवातीचा सीटी स्कॅनही स्वच्छ दिसू शकतो. दुखणं थोडं उतरलं की नातेवाईक म्हणतात, "आता बरं वाटतंय त्याला, सोडा ना डॉक्टर." उत्तर ठरलेलं असतं, "आजची रात्र राहू दे, काका. सकाळी पुन्हा पोट बघतो."

पुढचं सगळं स्वादुपिंडाच्या मधल्या मुख्य नळीवर ठरतं. ती शाबूत असेल तर बहुतेक जण शस्त्रक्रियेविना बरे होतात. ती तुटली तर पाचकरस बाहेर झिरपतो, पू होतो, रसाची गाठ साचते. मग दुर्बिणीतून स्टेंट घालावा लागतो किंवा शेपटाकडचा भाग कापून काढावा लागतो. नळी फाटल्याचं कळायला दिवस उलटला, की गुंतागुंत वाढते. लवकर होणारे मृत्यू मुख्यतः शेजारच्या रक्तवाहिन्या, यकृत, प्लीहा फुटून होतात, उशिराचे जंतुसंसर्गाने.

म्हणून रुग्ण पुढे डेरवणच्या रुग्णालयात जावो की मुंबईला, सोबतच्या चिठ्ठीत दोन वेळा हव्यात: मार कधी लागला आणि रक्त कधी घेतलं. पुढच्या डॉक्टरला 'अमायलेज नॉर्मल' एवढंच कळून उपयोग नसतो. तासाभराने घेतलेलं नॉर्मल आणि आठ तासांनी घेतलेलं नॉर्मल, यांत फार फरक आहे.