छातीवरचा दगड उतरवताना

दुःख कुठे होतं, असं मराठीला विचारलं तर ती सरळ शरीरावर बोट ठेवते. पोटात खड्डा पडतो, घशात आवंढा येतो, हातपाय गळतात, छातीवर दगड बसतो. इथे मात्र आपल्याला विचारतात, "हाऊ आर यू फीलिंग?" आणि वर्षानुवर्षं या देशात राहिलेल्या आपल्या बायका "फाइन, थँक यू" म्हणून मोकळ्या होतात. मग घरी आल्यावर पाठ धरते, झोप उडते, घास खाली उतरत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळात हे फार जवळून पाहायला मिळालं. साहजिकच आहे म्हणा. साठ-सत्तरच्या दशकात आलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, आणि आमच्यासारख्या एम.एस्सी. करायला येऊन इथेच राहिलेल्यांचे आईवडील तिकडे. २०२० साली आपल्यातल्या कितीजणींनी आईचे अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले आणि सोमवारी सकाळी पुन्हा लॅपटॉप उघडला! तेरा दिवस नाहीत, कडू घास घेऊन येणाऱ्या शेजारणी नाहीत, गळ्यात पडून रडायला कोणी नाही. क्रिमेटोरियममधली आपली वेळ संपते तेव्हा पुढचं कुटुंब दाराशी येऊन थांबलेलं असतं.

मात्र जुनं सगळं चांगलं होतं, असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, आणि त्याआधीच्या काळात केशवपन. म्हणजे बाईचं दुःख शरीरातूनच वसूल करायचं! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने हे प्रकार बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, आणि त्यानंतर राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आपण इंग्लंडात राहतो म्हणून पुढे आहोत, असं समजायचं कारण नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला "त्यांना बोलवायचं का?" हा प्रश्न कमिटीत दबक्या आवाजात निघतोच. आम्ही आता सरसकट सगळ्यांना बोलावतो. पहिल्या वर्षी एका काकूंनी कपाळ पुढे केलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पण त्याच जुन्या घरात दुःखावरचा एक उताराही होता, तो म्हणजे जातं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, हात गोल फिरायचा, अंग पुढे-मागे झुलायचं आणि तोंडाने ओवी चालायची. माहेर, सासर, गेलेलं मूल, गेलेला भाऊ, सगळं त्यात यायचं. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बहिणाबाई चौधरी ऐन तिशीत विधवा झाल्या. त्यांनी आपली गाणी रचली ती घरकाम आणि शेतकाम करता करता. तिथे कुणी कुणाला "बोल, मन मोकळं कर" असं सांगत नव्हतं. हात कामात असायचे, नजर पिठावर, आणि बोलणं आपोआप बाहेर पडायचं.

आमच्यातल्या इंजिनिअरांना यातलं यंत्र कसं चालतं, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. श्वास आत घेताना नाडी थोडी वाढते, सोडताना कमी होते. गाताना श्वास पटकन घेतला जातो आणि सावकाश सुटतो. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. त्यात लॅटिन 'आवे मारिया' म्हणताना आणि मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा माणसांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि त्याबरोबर हृदयाच्या गतीतही लय आली. ओव्यांवर असा अभ्यास आमच्या पाहण्यात नाही, पण ज्यांनी भजन म्हटलंय त्यांना तो वाचून फारसं नवल वाटणार नाही!

आणि हृदयाचं म्हणाल तर ते खरोखरच दुखावतं. जपानी डॉक्टरांनी १९९० साली 'ताकोत्सुबो' या विकाराचं वर्णन केलं. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग फुगतो आणि ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. रोग्यांमध्ये दहातल्या नऊ बायका, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या. तेव्हा छातीत दुखलं तर "दुःखामुळे असेल" असं म्हणून घरी बसू नये, ९९९ ला फोन करावा. योग वगैरे सगळं त्यानंतर.

आता योगाकडे येतो. या बाबतीत आपल्या हाताशी एक गोष्ट आहे, तिची मुळं पुण्यात आहेत. बी.के.एस. अय्यंगारांना व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९५४ साली युरोपात आणलं. पुढे लंडनच्या शिक्षण खात्याने प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांत त्यांची पद्धत घेतली, पण अट अशी की आसनं शिकवा, अध्यात्म नको. (साहेबाचा व्यवहार!) त्यामुळे ती इथल्या गावोगावच्या हॉलमध्ये पोचली. पुण्याच्या संस्थेचं नाव 'रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था' का, हे आपल्यातल्या पुणेकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. जानेवारी १९७३ मध्ये जागेचं भूमिपूजन झालं आणि काही दिवसांतच अय्यंगारांच्या पत्नी रमामणी गेल्या. १९७५ मध्ये वास्तू उभी राहिली ती त्यांच्या नावाने. थोरल्या मुलीवर, गीताताईंवर, घर आणि धाकटी भावंडं आली. त्याच गीताताईंनी पुढे खास स्त्रियांच्या शरीराचा विचार करून इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९८३ मध्ये आलं. २०१८ साली त्या गेल्या, तोवर शिकवतच होत्या.

या पद्धतीत आम्हाला आवडते ती एक गोष्ट म्हणजे शरीराला टेकू देणं. खुर्ची, लोड, घडी केलेलं घोंगडं, भिंत. दुःखात माणूस पुढे वाकतो, खांदे मिटतात, श्वास वरच्या वर चालतो. पाठीखाली लोड ठेवून छाती उघडली, भिंतीला पाय टेकवून दहा मिनिटं विपरीत करणीत राहिलं, तर कष्ट न करता तो दगड थोडा हलतो. आमच्या शिक्षिका नव्याने दुःखात असलेल्या बाईला शवासनात डोळे मिटायला लावत नाहीत. अंधारात एकटं पडल्यासारखं होतं म्हणून डोळे उघडे, आणि शेजारी कोणीतरी. हात लावण्याआधी त्या विचारतात, हेही महत्त्वाचं.

वर्गात रडू येतं. पहिल्यांदा एक काकू ओशाळल्या, "अगं, मी गुडघ्यासाठी आले होते!" म्हणाल्या. कोणी काही बोललं नाही. एकीने रुमाल दिला, बाकीच्यांनी पाय भिंतीवरच ठेवले. बाविसाव्या दिवसापासून बावीस महिन्यांपर्यंत कधीही रडू येऊ शकतं, हे एव्हाना आम्हाला कळलं आहे.

याने किती उपयोग होतो? पुरावा थोडा आहे, आणि तोही शेजारच्या विषयावरचा. बॉस्टनच्या बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ साली मोठ्या मानसिक आघातातून न सावरलेल्या ६४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे योग केलेल्यांपैकी निम्म्याहून जरा अधिक जणींची लक्षणं आजाराच्या व्याख्येखाली आली; दुसऱ्या गटात, ज्यांना आरोग्याविषयी माहितीचे वर्ग दिले होते, साधारण पाचातली एक. पण आघात वेगळा, वियोग वेगळा, आणि वियोग हा मुळात आजारच नव्हे. त्यामुळे "चक्रात अडकलेलं दुःख तीन बैठकींत काढून देतो" अशा जाहिराती कोणी दाखवल्या तर पाकीट खिशातच ठेवावं.

बोलण्याचीही गरज असतेच. 'क्रूझ' ही संस्था १९५९ साली रिचमंडमध्ये विधवांसाठीच निघाली. बायबलमधल्या विधवेच्या न संपणाऱ्या तेलाच्या बुधलीवरून तिचं नाव आहे. आता ती सर्वांना मदत करते. इंग्लंडमध्ये 'टॉकिंग थेरपीज'साठी जी.पी.कडे न जाता स्वतःही नाव देता येतं. जगणंच नको वाटत असेल तर मात्र थांबू नये, १११ ला फोन करावा, तो दिवसरात्र चालू असतो. बहुतेक काकूंना इंग्रजीत दुःख सांगता येत नाही. मुलीला सोबत नेलं तर मुलीसमोर सांगवत नाही. म्हणून वर्गानंतरचा चहा आम्ही मुद्दाम तासभर लांबवतो. पोळ्या लाटायला घेतल्या तर आणखी बरं, हात कामात असले की जात्यावरचं बोलणं परत येतं.

ज्यांना जवळपास असा वर्ग सुरू करायचा असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पहिले काही आठवडे कोणाला वर्गाला ओढू नका, घरी जाऊन डोक्याला तेल लावून द्या, तेवढं पुरतं. काचबिंदू, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाय वर करण्याआधी डॉक्टरांना विचारा. वर्ग सकाळचा ठेवा, कारण हिवाळ्यात चारला अंधार पडतो आणि काकू बाहेर पडत नाहीत. न्यायला-आणायला गाडी ठरवून द्या. खुर्च्या बहुतेक हॉलमध्ये असतात, घोंगडी मात्र घरून आणावी लागतात.