मौन आणि संमती : गर्भवतीच्या एच.आय.व्ही. चाचणीसंबंधी काही विचार

‘मौनं संमतिलक्षणम्’ ही उक्ती आपल्या विवाहसंस्थेला दीर्घकाळ सोयीची ठरली. वधूचे मौन हाच तिचा होकार मानला गेला. हीच उक्ती प्रसूतिगृहात शिरली म्हणजे कोणता अर्थ धारण करते, हा प्रश्न गर्भवती स्त्रियांच्या एच.आय.व्ही. चाचणीने उपस्थित केला आहे.

भारतात हा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळला. मातेकडून बालकाकडे होणारा संसर्ग टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पासून सुरू झाला. उपचाराअभावी अशा मातांच्या १५ ते ४५ टक्के बालकांना संसर्ग होतो; औषधयोजना वेळीच झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली येते. चाचणीची उपयुक्तता, अर्थातच, वादातीत आहे.

मग स्त्री कचरते का? ती अज्ञानामुळेच कचरते, असे म्हणणे अपुरे होय. गरोदरपणातील तपासणीमुळे कुटुंबात पुष्कळदा तिचेच रक्त प्रथम तपासले जाते. साहजिकच दोष प्रथम तिला चिकटतो. नववधूला ‘पांढऱ्या पायाची’ ठरविणाऱ्या समाजात निदानाची वार्ता आधी कोणाविषयी कळली, यावरून रोग कोणी आणला हे ठरविले जाते. पतीची तपासणी मागाहून होते, कित्येकदा होतही नाही. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याची महाराष्ट्रातील रूढी लक्षात घ्यावयास हवी. तपासणीचा कागद सासरहून माहेरी न्यावयाचा, म्हणजे दोन्ही घरांना ते गुपित कळण्याचा धोका पत्करावयाचा.

प्रचलित पद्धतीत गर्भवतीस माहिती दिली जाते आणि तिने नकार न दिल्यास चाचणी होते. ती सर्वांचीच होत असल्याने कोणा एकीकडे बोट दाखविले जात नाही, हा तिचा गुण. परंतु नकार देण्याची सवयच जिला नाही, तिचे मौन संमती कसे मानावे? ‘घरी विचारून सांगते’ हे तिचे उत्तर होकारही नव्हे, नकारही नव्हे. निर्णयाचा अधिकार आपल्याकडे नाही, एवढेच ते सांगते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने माहितीपूर्वक संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली. तथापि कायद्यातील ‘संमती’ हा शब्द स्त्रीच्या बोलीत उतरावयाचा, तर प्रथम तिचे अर्धे वाक्य ऐकून घेणारा समुपदेशक हवा आणि पतीचीही तपासणी त्याच वेळी व्हावयास हवी.