साळूचे काटेरी बाळ

साळू काटे फेकून मारते, असे छातीठोकपणे सांगणारे एखादे आजोबा बहुतेक घरांत असतात. आमच्याकडेही होते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या प्लिनीनेही तेच लिहून ठेवले आहे! खरे म्हणजे साळूचा काटा हा जाड, टणक झालेला केसच. तो अंगात सैल बसलेला असतो. शत्रूला रुतला, की तिथेच राहतो.

मग असे काटे घेऊन पिल्लू जन्माला येते कसे, हे कोडे मला लहानपणी फार छळी. निसर्गाने ते अगदी सोपे केले आहे. बिळात एक-दोन पिल्ले जन्मतात ती उघड्या डोळ्यांनी. पण काटे मात्र आखूड आणि मऊ. आईला इजा होत नाही. बाहेरची हवा लागली, की ते हळूहळू कडक होऊ लागतात.

भ्याले की काटे फुलवावेत, पाय आपटावेत, शत्रूकडे पाठ करावी, हे पिल्लाला कुणी शिकवावे लागत नाही. मात्र मोठ्या साळूच्या शेपटीवर पोकळ काट्यांचा जो खुळखुळा असतो, तो त्याच्याजवळ अजून पुरता तयार नसतो. मोठी साळू आधी खुळखुळा वाजवून बजावते. ऐकले नाही, तर मागच्या मागे धडक देते. लांब काटे धाक दाखवायला; खरा घाव घालतात ते त्यांच्याखाली दडलेले आखूड, जाड काटे. पिल्लाच्या धडकेत तेवढे वजन कुठले? म्हणून त्याचे खरे चिलखत म्हणजे आईबाप. नर-मादी जोडीने राहतात आणि दोघेही पिल्लांना सांभाळतात.

हे चिलखत किती भयंकर, ते जिम कॉर्बेटने पाहिले. कुमाऊँतील मुक्तेश्वरची नरभक्षक वाघीण त्याने १९१० साली मारली. साळूशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला होता आणि पन्नासेक काटे अंगात रुतले होते. शिकार जमेना, तेव्हा ती माणसांकडे वळली. चोवीस बळी गेले.

आणि गंमत पाहा! सीमंतोन्नयनाच्या वेळी गर्भवतीचा भांग तीन पांढऱ्या ठिपक्यांच्या साळूच्या काट्याने काढावा, असे गृह्यसूत्रांत सांगितले आहे. वाघाला लोळवणारा काटा आईच्या केसांवरून मात्र अलगद फिरतो!